बारा फूट फिल्म

“अजून खाली! येसे, अजून खाली लटक! विमान पडतंय तुझं, पेरू तोडायला चढलीयस का?”

इंगवले मालक खालच्या खडकावरून भोंग्यातून ओरडत होते. मी विमानातून कमरेपर्यंत बाहेर, डोकं खाली करून लोंबकळत होते. माझ्या खाली वीस हातांवर तो खडक. त्यावर मालक, कॅमेरा आणि कॅमेरावाले सखादादा मेढे. खडकाच्या पलीकडं काहीच नव्हतं, तिथून सरळ दरी.

“आणखी खाली आले तर तुमच्या पगडीवर येऊन बसेन, मालक!” मी वरून ओरडले.

दोर धरलेले सोळा पैलवान खदाखदा हसले. ते हसले तसं विमान हललं.

“हसताय काय मुडद्यांनो!” हिंदुराव वस्ताद गरजले. “दोर धरलाय तुम्ही, वरातीत आला न्हाईसा. जो हसंल त्याला उद्या तालमीत पाचशे जोर.”

हसणं जागच्या जागी बंद झालं. वस्तादांचा शब्द म्हणजे शब्द.

सदतीस सालची ही गोष्ट. मी बावीस वर्षांची होते. जागा पन्हाळ्याच्या पलीकडची, मसाईच्या पठाराची कड. चैत्रातलं ऊन आणि वारा असा की बोललेलं तोंडातल्या तोंडात परत जायचं.

विमान खरं होतं, पण अर्धं मेलेलं. कुठल्याशा संस्थानिकानं ते झाडावर घातलं होतं. त्याचं इंजिन काढून नेलेलं, सांगाडा त्यांच्या मोटारखान्यात पडून होता. मालकांनी हातापाया पडून तो तीन दिवसांसाठी मागून आणला. सुतारांनी पठाराच्या अगदी कडेला लाकडी घोडा ठोकला आणि त्यावर विमान असं ठेवलं, की तोंड आणि बसायची जागा दरीवर, शेपूट पठारावर. दोन्ही पंखांना दोर, शेपटीला दोर. दोरांच्या टोकांना कोल्हापुरातल्या एका तालमीचे सोळा पैलवान. डावीकडच्यांनी ओढलं की विमान डावीकडं कलायचं. खालच्या खडकावरून बघितलं तर पठार दिसायचं नाही, पैलवान दिसायचे नाहीत. आभाळ दिसायचं आणि त्यात पडायला आलेलं विमान.

ही अक्कल मालकांची स्वतःची नव्हती. कोल्हापुरात एक अमेरिकन पिक्चर लागलं होतं. त्यात एक माथेफिरू शास्त्रज्ञ डोंगरावर बसून कसलासा किरण सोडतो आणि आभाळातली विमानं पटापट खाली पाडतो. मालकांनी ते सात वेळा बघितलं. सातव्या खेळाला त्यांना विमानाच्या शेपटीला बांधलेला दोर दिसला. तसेच उठून धावत स्टुडिओत आले.

“येसू, सखा, अरे त्यांच्याकडंबी काही न्हाई!” आनंदानं त्यांचा आवाज चिरकत होता. “मी समजत होतो, अमेरिका म्हंजे काय असंल नि काय नसंल! डोंगराच्या कडंला सांगाडा ठेवलाय, दोर बांधलाय आन् खालनं आभाळाकडं कॅमेरा लावलाय. आपल्यासारखीच फाटकी माणसं हायती ती! आपण का न्हाई करायचं?”

झालं. ‘गगनाची वाघीण’ सुरू झालं. आमच्या शास्त्रज्ञाचं नाव भैरवसेन. त्याचं किरणाचं यंत्र म्हणजे पितळी बंब आडवा करून त्याला लावलेला ग्रामोफोनचा कर्णा. खऱ्या उडणाऱ्या विमानांच्या फिल्मचे तुकडे मालकांनी मुंबईहून कुणाच्या तरी भंगारातून आणले होते, ते मधे मधे जोडायचे. उरलं होतं ते एवढंच, किरण लागल्यावर विमान कलंडतं तो शॉट. आणि विमान दुसऱ्या दिवशी सकाळी परत द्यायचं होतं.

तो शॉट माझा होता. हे नीट सांगते, कारण सगळी आग इथंच आहे.

मी सर्कशीतली. मिरजेकडची आमची सर्कस मोडली आणि मी मालकांकडं आले. चार पिक्चरं केली. घोड्यावरून उडी माझी, जळत्या माडीवरून उडी माझी, विहिरीत उडी माझी. तोंड मात्र प्रत्येक वेळी मिस चंद्रप्रभांचं. माझी पाठ उभ्या महाराष्ट्रानं बघितली, तोंड कुणी बघितलं नाही. माझी आई मिरजेत एकेक पिक्चर तीन-तीनदा बघायची आणि मला विचारायची, “ह्यात कुठायस तू?” मी सांगायची, ती घोड्यावरची मीच. आई म्हणायची, “मग तोंड कुठाय? शेजारणी मला खोटं पाडत्यात गं.”

हे मालकांना कळलं होतं. ‘वाघीण’च्या मुहूर्ताला नारळ फोडता फोडता ते म्हणाले, “येसू, ह्या पिक्चरात वाघिणीची एक सखी घातलीय. विमानात तिच्या मागं बसती. किरण लागला की ती बाहेर फेकली जाती, एकदा कॅमेऱ्याकडं बघती आणि पडती. ती तू. तुझं तोंड, तुझं नाव. माझा शब्द.”

मी आईला पत्र लिहवून घेतलं. शेजारणींनाही घेऊन ये म्हटलं.

तर मी त्या दिवशी सकाळपासून तीन तालमी केल्या. कमरेला रुंद कातडी पट्टा, पट्ट्याला दोर, आणि तो दोर बैठकीखालच्या लोखंडी कडीला. ती गाठ माझी मी बांधली. सर्कशीत रीतच आहे, जो वर जाणार त्यानं आपली गाठ आपण बांधायची. दुसऱ्याच्या गाठीला हात लावायचा नाही, लावला तर झुल्यावरच मारामाऱ्या होतात. आणि आमच्या सर्कशीतल्या बापूंनी मला शिकवलेली गाठ होती एका शेंड्याची. ताणलं तर हत्ती बांधा, सुटायची नाही. पण तिचा मोकळा शेंडा धरून दोनदा ओढला की अख्खी गाठ पाण्यासारखी मोकळी. पहिल्या ओढीला अर्धी, दुसऱ्या ओढीला सगळी. तंबूला आग लागली, माणूस दोरात अडकला, तर काय करायचं? त्यासाठी ती. बापू म्हणायचे, बांधता सगळ्यांना येतं, सुटता आलं पाहिजे.

तिसरी तालीम झाली. मला वर ओढून घेतलं. उन्हं अजून चांगली होती.

“फस्क्लास!” मालक खडकावरून वर चढून आले, धापा टाकत. माझ्याकडं बघेनात, विमानाकडं बघत बोलायला लागले. “पण मला काय वाटतंय, सखी पडली तर लोकांना काय सुखदुःख? तिची वळख न्हाई, पाळख न्हाई. वाघीणच लटकली पाहिजे. तोंड दिसलं पाहिजे वाघिणीचं. त्या अमेरिकन पिक्चरात तिथं नुसती पाठ हाय. आपण त्यांच्याम्होरं जाऊ.”

“आणि सखी?” मी विचारलं.

“सखी काढून टाकू.”

“मालक, तुम्ही शब्द दिला होता.”

“फुडच्या पिक्चरात, येसू. तुझ्या गळ्याची शप्पत.”

माझ्या गळ्याची! स्वतःच्या गळ्याची घ्यायची होती. अशी तळपायाची आग मस्तकात गेली म्हणून सांगू! चार वर्षं हाडं मोडून घेतली, आणि शेवटी तोंडाला पानं पुसली ती पुसलीच. सोळा पैलवानांसमोर रडायचं नव्हतं म्हणून मी पट्टा कमरेचा सोडला आणि बैठकीवर टाकला. कडीची गाठ तशीच ठेवली.

चंद्रप्रभाबाई बाजूला छत्रीत बसल्या होत्या. वैमानिकाचा कातडी कोट, डोक्याला टोपी, कपाळावर चष्मा. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या. वाऱ्यात आमचं बोलणं त्यांना ऐकू गेलं नव्हतं; मालकांनी हाक मारून लटकायचं सांगितलं तेव्हा उठून आल्या.

“मी?” त्या म्हणाल्या. “येसू आहे की. तिचं बसलंय सगळं.”

“दोन मिंटाचा प्रश्न हाय, बाई. सोळा पैलवान हायती.”

बाईंनी कडेवरून खाली एकदा बघितलं आणि त्यांचे ओठ पांढरे पडले. पण नाही म्हणाल्या नाहीत. कोट नीट केला आणि विमानात चढल्या. पट्टा मी त्यांच्या कमरेला आवळला. माझ्या तीन तालमींत गाठीचा शेंडा बैठकीखालून निसटून वर आला होता. बाईंच्या गुडघ्याजवळ लोंबत होता. तिथंच सुतारांनी ठोकलेले खोटे दांडे होते, विमान चालवायचे. त्या दांड्यांत तो शेंडाही एक दांडा असल्यासारखा.

“येसू,” बाई हळूच म्हणाल्या, “मला काही ठाऊक असायला हवं का?”

“खाली बघू नका,” मी म्हणाले.

मी उतरले. शेपटीशी वस्ताद उभे होते, दोराचा पीळ दंडाला घेऊन.

“गाठ बघितलीस का?” त्यांनी विचारलं.

“बघितली.”

“पक्की?”

“हत्ती बांधा.”

ते खरंच होतं. मी शेपटीपासून दूर, डावीकडच्या खडकाच्या नाकाडावर जाऊन हाताची घडी घालून उभी राहिले. तिथून विमानाची बसायची जागा तिरकी दिसायची. कुणी मला तिथं उभं राहायला सांगितलं नव्हतं, आणि नको म्हणायलाही कुणी आलं नाही. माझ्याकडं बघतंय कोण!

“तयार!” मालकांचा भोंगा. “सखा, फिरव!”

सखादादा हँडल फिरवायला लागले. त्या शॉटला आवाज घ्यायचा नव्हता, म्हणून मालक वाटेल तेवढं ओरडायला मोकळे होते. “किरण लागला! डावीकडं! वढा डावीकडं!”

डावीकडच्या पैलवानांनी ओढलं. विमान कललं. बाई बाजूला घसरल्या, कमरेपर्यंत बाहेर आल्या आणि दोर ताणून राहिल्या. त्यांची टोपी उडाली, केस सुटले. मालकांच्या अंगात आलं.

“इंजिन बंद पडलंय, बाई! मशीन ऐकत न्हाई! झटापट करा! हाताला घावंल ते वढा! वढा!”

तालमीत हे नव्हतं. तालमीत मी नुसती लटकले होते.

बाईंनी एक हात आत घातला. एक दांडा ओढला. दुसरा ओढला. मग त्यांचा हात खाली गेला आणि गुडघ्याजवळचा तो शेंडा त्यांच्या मुठीत आला.

मी बघितलं. चांगलं स्वच्छ बघितलं. उन्हात दोराचं ते पिवळं टोक, त्यांच्या अंगठ्याखालून बाहेर आलेलं.

त्यांनी ओढला. पट्ट्याचा दोर हातभर ढिला पडला आणि बाई तेवढ्याच खाली घसरल्या. खालून मालक ओरडले, “वा! वाऽ! असंच! परत वढा!” त्यांना वाटलं, बाई काय भूमिका करतायत!

बाईंना मात्र कळलं. काय झालं ते नाही, पण काहीतरी सुटलं, एवढं कळलं. आधाराला त्यांनी मूठ आणखी घट्ट केली, त्याच शेंड्यावर. बुडणारा माणूस धरतो तशी. आणि मान वर करून माझ्याकडं बघितलं.

तेवढ्यात दरीतून वाऱ्याचा झोत वर आला. इंजिन नसलेलं हलकं विमान, आणि पंख तर खरे. पंखाखाली वारा भरला आणि अख्खा सांगाडा घोड्यावरून वीतभर उचलला गेला. उजवीकडचे चार पैलवान दोराबरोबर फरफटत कडेकडं आले. वस्तादांची आरोळी आली, “बसा! खाली बसा! जमीन धरा!”

तेव्हा मी पळाले.

शेपटीवर पाय दिला आणि विमानाच्या पाठीवरून पळाले. कापडाखाली लाकडाची एकच पट्टी होती, चार बोटं रुंद. तारेवर चालल्यासारखी मी त्या पट्टीवरून गेले. “वस्ताद, शेपूट दाबा! शेपटीवर पडा!” मी ओरडत होते. माझं वजन पुढं आलं की विमान तोंडावर जाणार, हे मला कळत होतं. मागं धपाधप अंगं पडल्याचे आवाज झाले. आठ-दहा माणसं शेपटीवर आडवी झाली होती.

मी बसायच्या जागेच्या काठात गुडघे अडकवले आणि उलटी खाली सुटले. “बाई, हात! तो दोर सोडा, हात द्या!”

बाई सोडेनात. डोळे ताठ झालेले.

“अहो सोडा ते! तेच सुटतंय! माझ्याकडं बघा!”

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मूठ उघडायच्या ऐवजी ओढली. दुसरी ओढ. गाठ पाण्यासारखी सुटली.

मी त्यांची मनगटं धरली. सर्कशीत बोटं धरत नाहीत, मनगटाला मनगट धरतात. बोटं घामानं निसटतात. त्यांचं सगळं वजन एका झटक्यात माझ्या खांद्यांवर आलं आणि डाव्या खांद्यात कट्कन आवाज झाला. हाड जागचं निघालं. ती कळ अशी होती, की दिवसाउजेडी अंधार झाला. पण हात सोडायचा नाही, हे मला शिकवावं लागत नव्हतं.

“धरलंय!” मी ओरडले. “मागं घ्या!”

वस्तादांनी बोल दिला, “हय्या!” आणि उरलेल्या पैलवानांनी बसल्या बसल्या, टाचा जमिनीत रोवून, तो सांगाडा आमच्यासकट मागं ओढला. एक बोल, एक वीत. एक बोल, एक वीत. माझं तोंड पंखाला घासत होतं. बाईंचे डोळे माझ्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर होते आणि त्या माझ्याकडंच बघत होत्या. मी म्हणत होते, “झालं हां बाई, झालं, आलो आपण.” कुणाला सांगत होते, देव जाणे.

पठाराची लाल जमीन त्यांच्या पायाला लागली, तेव्हा त्या बसल्या आणि ओकल्या. वस्तादांनी माझा खांदा चाचपला, माझ्या काखेत टाच लावली आणि हाड बसवलं. तेव्हा मी किंचाळले ते पन्हाळ्यापर्यंत गेलं असेल.

मालक धावत वर आले. चेहरा पांढराफटक, डोळ्यांत पाणी. बाईंच्या पाया पडले, माझ्या पाया पडले. मग मागं वळून, अगदी न राहवून, हळूच विचारलं, “सखा, घेतलंस न्हवं सगळं?”

सखादादांनी मान हलवली. घेतलं होतं.

कोल्हापुरात परत येईपर्यंत मी देवी झाले होते. दुसऱ्या दिवशी तालमीतून माझ्यासाठी थंडाई आली. वस्ताद स्वतः आले आणि म्हणाले, “पोरी, आमच्यात असतीस तर गदा दिली असती.” गाठ कशी सुटली, असं सगळे विचारत होते. मी सांगत होते, शेंड्याचं सांगायचं विसरले, घाईत राहून गेलं. सगळे म्हणत होते, चालायचंच, शेवटी वाचवलंस ना!

चौथ्या दिवशी सखादादांचा निरोप आला, जोडणीच्या खोलीत ये. आमच्याकडं छायाचित्रण आणि जोडणी दोन्ही तेच करायचे. खोलीत टेबलावर हातानं फिरवायचं यंत्र होतं, त्याला एक भिंग आणि आत दिवा.

“बस,” ते म्हणाले. “खांदा कसाय?”

“आहे जागेवर.”

“हे बघ.” त्यांनी मला भिंगाशी बसवलं आणि हँडल फिरवायला घेतलं.

आभाळ दिसलं. आभाळात विमान. खरंच पडत होतं, डोळ्यांवर विश्वास बसू नये इतकं खरं. बाई घसरल्या, टोपी उडाली.

“वाऱ्यानं विमान डावीकडं सरकत होतं,” सखादादा म्हणाले, “म्हणून मी चौकट मोठी धरली होती. आता डाव्या कोपऱ्यात बघ.”

चौकट सरकली तसं डाव्या कोपऱ्यात खडकाचं नाकाड आलं. त्यावर मी. हाताची घडी घातलेली. ऊन समोरून तोंडावर पडलेलं. चार वर्षांत पहिल्यांदा मी माझं तोंड फिल्मवर बघत होते.

बाईंच्या मुठीत शेंडा आला. कोपऱ्यातली माझी मान किंचित पुढं झाली. मला दिसलं आहे, हे त्या तोंडावर दिसत होतं. बाईंनी ओढला. घसरल्या. कोपऱ्यातली मी हलले नाही. बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी हलले नाही. घडी सुटली नाही. तोंड तसंच, ओठ आवळलेले, डोळ्यांत काय होतं ते मी आज म्हातारपणीही दुसऱ्या शब्दात सांगू शकत नाही. बरं वाटत होतं मला. भिऊ दे, म्हणत होते मी मनात. कळू दे हिला, लटकायचं म्हणजे काय. मरावी असं नव्हतं हो. देवाशपथ नव्हतं. पण भ्यावी असं होतं. सांगायचं विसरले हे खोटं होतं. तिनं विचारलं तेव्हा शेंडा माझ्या डोळ्यांसमोर होता.

सखादादांनी हँडल थांबवलं. टेबलाच्या कडेला खिळे ठोकून मापाच्या खुणा केलेल्या होत्या. त्यांनी तो तुकडा त्या खुणांवर धरला, मूठ शेंड्यावर पडली तिथपासून मी पळाले तिथपर्यंत.

“बारा फूट,” ते म्हणाले. “सेकंदाला दीड फूट. म्हंजे आठ सेकंद.”

मी भिंगापासून मागं सरले.

त्यांनी कात्री घेतली आणि तो तुकडा कापला. पुढचं माझं पळणंही काढलं आणि बाकीचं जोडलं. आता पिक्चरात बाईंची मूठ दोरावर पडत होती आणि लगेच वरून दोन हात येऊन त्यांची मनगटं धरत होते. तुकडा त्यांनी एका डबीत गुंडाळला आणि माझ्यासमोर ठेवला.

“मालकांनी बघितलं?” मी विचारलं.

“त्यांना कोपरा दिसत न्हाई, येसू. त्यांना विमान दिसतं. बाईंनी बघितलं. काल आल्या होत्या.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, एवढं कापा. तिचं तोंड पहिल्यांदा पडद्यावर जायचं ते असं नको जायला.”

मी डबी पदराखाली घेऊन तशीच मंगळवार पेठेत बाईंच्या घरी गेले. त्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“बाई,” मी उभ्या उभ्या म्हणाले, “मी विसरले नव्हते.”

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “मी विचारलं तेव्हा तू आधी माझ्या गुडघ्याकडं बघितलंस आणि मग बोललीस. मला वाटलं, हिला काहीतरी सांगायचंय. पण पुन्हा विचारलं नाही. हिला दोनदा काय विचारायचं, असा तोरा होता माझा.”

“मला हाकलून द्या. मालकांना सांगा.”

“शब्द दिला होता ना त्यांनी तुला? मला काल सखादादांकडून कळलं. आधी कळलं असतं तर मी चढले नसते.” त्यांनी सुपातला एक खडा वेचून अंगणात फेकला. मग म्हणाल्या, “खूप राग आलाय मला तुझा, येसू. रात्री झोप लागत नाही. डोळे मिटले की तू तिथं उभीच असतेस.”

मला रडू फुटलं. त्यांनी रडू दिलं, पाठीवर हात ठेवला नाही. माझं झाल्यावर उठल्या, आतून झोपाळ्याची जुनी दोरी आणली आणि माझ्यासमोर टाकली.

“ती गाठ शिकव मला.”

“सर्कशीबाहेर शिकवत नाहीत, बाई.”

“शिकव.”

माझा डावा हात गळ्यात बांधलेला होता. एका हातानं गाठ बसत नाही. मग माझा उजवा आणि त्यांचा डावा, अशा दोन हातांनी आम्ही ओसरीच्या खांबाला ती गाठ बांधली. त्यांनी शेंडा दोनदा ओढला. सुटली. पुन्हा बांधली. पुन्हा सोडली. दिवेलागण होईपर्यंत त्या बांधत होत्या आणि सोडत होत्या. मग म्हणाल्या, “आता जा. पुढच्या पिक्चरात माझी गाठ मी बांधीन.”

पुढच्या पिक्चरात मी नव्हते. खांदा पुन्हा भरवशाचा झाला नाही. मालकांनी शब्द पाळायचा म्हणून एक भूमिका देऊ केली, तोंड दिसणारी. मी नको म्हटलं.

‘गगनाची वाघीण’ मिरजेत लागलं तेव्हा मी आईबरोबर गेले. शेजारणी होत्याच, मीच बोलावल्या होत्या. तो शॉट आला. वरून दोन हात आले, मनगटाला मनगट, आणि सगळं थेटर उठून उभं राहिलं. टाळ्या, शिट्ट्या. माझ्या शेजारी आई मात्र बसूनच होती. तिनं अंधारात माझा हात चाचपला आणि आपल्या मांडीवर घेतला.

“हे हात तुझे,” ती म्हणाली. “वळखलं मी. पन तोंड न्हाई दावलं गं तुझं.”

“नव्हतं गं आई,” मी म्हणाले, “दाखवण्यासारखं नव्हतं त्या दिवशी.”